गावातील छोट्या सभांसाठी ध्वनिक्षेपक व बिनतारी माइक यांची निवड

खरिपापूर्वीच्या बैठका, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके, फवारणीच्या काळजीविषयीची व्याख्याने, बचत गटांचे मेळावे अशा अनेक निमित्तांनी गावपातळीवरील कार्यकर्त्यास वर्षातून कित्येक वेळा चाळीस-पन्नासांपासून शे-दीडशे माणसांपुढे बोलावे लागते. या सभांसाठी ध्वनिक्षेपक भाड्याने आणण्याऐवजी ग्रामपंचायतीने, शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने स्वतःचाच एक लहानसा संच घ्यावा, अशी मागणी आता पुष्कळ ठिकाणी होऊ लागली आहे. मागणी रास्त आहे. परंतु असा संच निवडताना बहुतेक ठिकाणी एकच कसोटी लावली जाते, ती म्हणजे आवाज किती मोठा येतो. दुकानदार कळ पूर्ण फिरवून गाणे लावतो, दुकानाच्या काचा थरथरतात, आणि मंडळी समाधानाने संच घेऊन गावी परततात. पुढे सभेत तोच संच घुमू लागतो, शिट्ट्या मारतो, आणि शेवटच्या ओळीतील माणसास वक्ता बोलतो आहे एवढेच कळते; काय बोलतो आहे ते कळत नाही.

ही गोष्ट किरकोळ समजू नये. "पंपामागे सात मिलि" आणि "पंपामागे साठ मिलि" या दोन वाक्यांत केवळ एका व्यंजनाचा फरक आहे. बोलण्यातील मोठेपणा स्वरांत असतो. 'सा' मधील 'आ' लांबवर ऐकू जातो. त्याच्या शेवटी येणारा 'त' किंवा 'ठ' हा मात्र सेकंदाच्या काही शतांश भागाइतकाच टिकतो, त्याचा जोर अल्प असतो आणि त्याची ओळख पटविणारे ध्वनी उंच पट्टीतील असतात. खोली घुमत असेल तर 'आ'चा प्रतिध्वनी त्यावर पसरतो व तो झाकून टाकतो. तीच गत 'वीस' व 'तीस' यांची, आणि 'सतरा' व 'सत्तर' यांची. म्हणजे आवाज मोठा असूनही आकडा चुकू शकतो, आणि औषधाच्या मात्रेच्या बाबतीत चुकलेला आकडा न ऐकलेल्या आकड्यापेक्षा वाईट. न ऐकलेला माणूस निदान विचारतो तरी.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती व ध्वनिक्षेपकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. येथे तिची आठवण करून देण्याचे कारण एवढेच की, फवारणीच्या काळजीविषयी सभा घेतली असता पुढच्या खुर्च्यांवर जे बसतात त्यांपैकी पंप पाठीवर घेणारे थोडे असतात. प्रत्यक्ष पंप घेणारा मजूर कडेला उभा राहतो. खुरपणी-वेचणीसाठी त्याच शेतात जाणाऱ्या स्त्रिया देवळाच्या पायऱ्यांवर किंवा ओट्याच्या टोकाला बसतात. सभा ज्यांच्यासाठी असते ते बहुधा शेवटच्या ओळीत असतात, हे ध्यानात ठेवूनच संचाची निवड करावयास हवी.

संचाची गरज आहे काय ?

खरेदीपूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा. साधे संभाषण एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल भरते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो; म्हणजे आठ मीटरवर तो ४२ च्या आसपास राहतो. गावातील दिवसाचा साधा गलबला, म्हणजे वारा, रस्त्यावरचे ट्रॅक्टर, मुले, पलीकडची पिठाची गिरणी, धरला तर तो ४५ ते ५० डेसिबल सहज असतो. म्हणून आठ मीटरवर साधे बोलणे त्यात बुडते. परंतु पंचवीस-तीस माणसे झाडाखाली अर्धवर्तुळात बसविली, तर शेवटचा माणूस चार मीटरच्या आत येतो, आणि किंचित चढ्या आवाजात सर्व काही स्पष्ट ऐकू जाते. शेतीशाळेचा वर्ग बांधावर भरतो तेथे यंत्राची काहीच आवश्यकता नाही. उलट यंत्र आले की माणसे दूर बसतात व प्रश्न विचारावयास संकोचतात. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. त्यात वीसेक माणसे एका रेडिओ संचाभोवती बसून कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. लहान घोळक्यात ऐकणे आणि विचारणे एकाच वेळी घडते, याचे ते चांगले उदाहरण होय.

श्रोते चाळीसच्या वर गेले, किंवा जागा रस्त्यालगत असली, किंवा वक्त्यास एका दिवसात तीन गावी बोलावयाचे असले, तर मात्र संच घ्यावा. घसा बसलेला कार्यकर्ता तिसऱ्या गावी अर्धेच सांगतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

किती शक्तीचा संच लागतो ?

बोलणे नीट समजण्यासाठी ते भोवतालच्या गलबल्यापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावे लागते. गलबला ५० धरल्यास शेवटच्या ओळीत ६५ डेसिबल आवाज पोचला पाहिजे. शेवटची ओळ स्पीकरपासून १६ मीटरवर आहे असे समजू. शे-दीडशे माणसे दाटीने खाली बसली तर तिला याहून दूर जाण्याचे कारण नाही. एक मीटरपासून सोळा मीटरपर्यंत अंतर चार वेळा दुप्पट होते, म्हणून २४ डेसिबल मिळवावे. बेरीज ८९ झाली. सामान्य बऱ्यापैकी स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ९० डेसिबल आवाज देतो. म्हणजे सरासरी बोलण्यास एक वॅटदेखील पुरे. बोलण्यात मधूनमधून येणाऱ्या जोराच्या अक्षरांसाठी आणखी १० डेसिबल हाताशी असावेत, त्यास दहापट शक्ती, म्हणजे दहा वॅट लागते. त्यावर दुपटी-तिपटीची सवड ठेवली तरी २० ते ३० वॅटचा संच छोट्या सभेस पुरेसा होतो.

हा हिशेब वाचून काहींना आश्चर्य वाटेल, कारण बाजारात हजार-हजार वॅटचे आकडे लिहिलेली खोकी दिसतात. तो आकडा बहुधा 'पीएमपीओ' या नावाने दिलेला असतो. क्षणभरच्या उसळीचा तो कागदी आकडा आहे आणि त्यावरून काहीही ठरविता येत नाही. विक्रेत्यास 'आरएमएस' वॅट किती ते विचारावे व तेच बिलावर लिहून घ्यावे. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानास दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. यास्तव ३० वॅटऐवजी ६० वॅटचा संच घेण्यासाठी जादा रक्कम मोजण्यापूर्वी, तीच रक्कम चांगल्या माइकवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा कर्णा दवंडीसाठी उत्तम. तो आवाज एका दिशेस लांबवर फेकतो. परंतु त्याचा आवाज नाकातून आल्यासारखा चिरका असतो आणि अर्धा तास समोर बसून तो ऐकणे कंटाळवाणे होते. बैठकीसाठी पेटीचा स्पीकर घ्यावा. चाके व दांडा असलेली, आत बॅटरी, वर्धक आणि बिनतारी माइकचा ग्राहक अशी सर्व सोय असणारी पेटी गावाच्या दृष्टीने सोयीची आहे. मात्र तिच्यात दोन गोष्टी पाहाव्या. एक, ती तिकाटण्यावर चढविता यावी, त्यासाठी पेटीच्या बुडाशी खोबण असते. दुसरी, तीत तारेच्या माइकसाठीही जोडणी असावी.

या पेट्या मुख्यतः गाण्यासाठी बनविलेल्या असतात, त्यामुळे त्यांवर 'इको' नावाची एक कळ असते. गाण्यास ती गोडवा आणते. व्याख्यानाचा ती घात करते, कारण प्रत्येक शब्दाच्या पाठोपाठ त्याची सावली येते. सभेपूर्वी ही कळ शून्यावर आणावी. 'बास'ची कळही निम्म्याखाली ठेवावी. आवाज थोडा पातळ वाटेल, पण व्यंजने मोकळी होतील. निम्म्या गावांतील घुमण्याची तक्रार एवढ्यानेच मिटेल असे आमचे मत आहे.

माइक : तारेचा की बिनतारी ?

ज्यांच्याजवळ एकच माइक घेण्याइतके पैसे आहेत त्यांनी तारेचा डायनॅमिक माइक घ्यावा. तो पडला-झडला तरी सहसा बिघडत नाही, त्यास सेल लागत नाहीत, दुसऱ्या कोणाच्या लहरी त्यात शिरत नाहीत, आणि दहा मीटर तारेत छोटी सभा बसते. समोरचाच आवाज घेणारा व मागचा टाळणारा प्रकार मागावा. बिनतारी माइक ही पुढची पायरी होय. आणि तो घेतला तरी तारेचा माइक पिशवीत असू द्यावा.

बिनतारीची खरी गरज दोन प्रसंगी पडते. प्रात्यक्षिक करताना दोन्ही हात कामात असतात. बियाण्यास औषध चोळता-चोळता किंवा नोझल उघडून दाखविताना हातात माइक धरता येत नाही. अशा वेळी डोक्यावर अडकविण्याचा माइक सर्वांत चांगला, कारण मान कोणीकडेही वळली तरी तोंडापासूनचे अंतर तेच राहते. कॉलरला लावण्याचा माइक दिसावयास नीटनेटका असला तरी तो तोंडापासून वीतभर खाली असतो, बहुधा चहूकडचा आवाज घेतो, आणि म्हणून लवकर शिट्टी देतो. खाली वाकून काम करणाऱ्याचा पदर किंवा उपरणे त्यावर घासले तर सबंध सभेस खरखर ऐकावी लागते. दुसरा प्रसंग प्रश्नोत्तरांचा. त्यास हातात धरण्याचा बिनतारी माइक हवा, म्हणजे तो शेवटच्या ओळीपर्यंत नेता येतो. आमची सूचना अशी की, प्रश्नांची सुरुवात पायऱ्यांवर बसलेल्या स्त्रियांपासून करावी. पुढच्या ओळीतील पुढाऱ्यांच्या हाती माइक एकदा गेला म्हणजे तो मागे पोचण्यास फार वेळ लागतो.

लहरींच्या पट्ट्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्वस्त बिनतारी माइक बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतात. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त आहे, ही त्यातील सोय. अडचण अशी की वायफाय व मोबाइलचे हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यावर चालतात, आणि या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात. वक्त्याने पाठ फिरविली व ग्राहक पोटापलीकडे गेला की आवाज तुटतो. यूएचएफ पट्ट्यावरील माइक शरीराच्या आडून त्यामानाने बरा चालतो. त्यातही वाहिनी बदलण्याची सोय असलेला घ्यावा, म्हणजे एका वाहिनीवर खरखर आल्यास दुसरी लावता येते. ७०३ ते ७४८ व ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्‌झ या भागांत आता मोबाइलची सेवा चालते. जुन्या साठ्यातील काही माइक याच भागातले असतात, ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. मागील बाजूच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो तो वाचून पाहावा, आणि उपकरणास दूरसंचार विभागाची मान्यता आहे काय याची विक्रेत्याकडे लेखी विचारणा करावी. एकाच वाहिनीवरचे दोन माइक एकत्र चालत नाहीत हेही दोन घेताना विसरू नये.

ब्लूटूथने जोडले जाणारे माइक व स्पीकर पुष्कळ तरुण शेतकऱ्यांकडे असतात आणि त्यांनीच सभा चालवावी असा आग्रह होतो. नेहमीच्या ब्लूटूथमधून आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांश इतका उशिरा येतो. हवेतून आवाज सेकंदास सुमारे ३४५ मीटर जातो हे लक्षात घेतल्यास, ३५ ते ७० मीटर दूरच्या डोंगरावरून कोणी आपलेच बोलणे मागाहून उच्चारावे असा तो प्रकार होतो. वक्ता अडखळतो, आणि पुढे बसलेल्यांस प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मोबाइलमधील चित्रफितीचा आवाज ऐकविण्यास ब्लूटूथ ठीक आहे, बोलण्यास नाही.

मांडणी

चांगला संचही चुकीच्या जागी ठेवल्यास निरुपयोगी ठरतो. स्पीकर जमिनीवर ठेवला की पहिल्या ओळीच्या पाठीच त्याचा आवाज अडवितात. पहिली ओळ कानांवर हात ठेवते व शेवटची कान टवकारते. तो तिकाटण्यावर, बसलेल्यांच्या डोक्यावरून पाहील इतका उंच, साधारण सहा फूट, ठेवावा व त्याचे तोंड शेवटच्या ओळींकडे किंचित झुकते करावे. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस दोन-तीन मीटर असावा. माइकने स्पीकरचे तोंड पाहिले की स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये असा फेर सुरू होतो आणि त्याचीच शिट्टी होते. शिट्टी आल्यावर माइकच्या जाळीवर हात ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने शिट्टी वाढते. आवाज थोडा कमी करून माइक तोंडाजवळ घ्यावा. चार बोटे अंतर बरोबर. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गेले, ते भरून काढण्यासाठी कळ फिरविली की पुन्हा शिट्टी. श्रोत्यांमध्ये माइक फिरत असताना तो स्पीकरच्या समोरच असतो, म्हणून त्या वेळी आवाज उतरवावा आणि वक्त्याचा माइक बंद ठेवावा.

जागा लांबट असेल तर एक मोठा स्पीकर पुढे ठेवण्यापेक्षा दोन लहान स्पीकर बरे. पण त्यांत पुढे-मागे १५ मीटरहून अधिक अंतर पडू देऊ नये, नाही तर मागच्यांस दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात. पत्र्याचे सभामंडप आणि फरशीची समाजमंदिरे सर्वांत अवघड. तेथे आवाज वाढविल्याने घुमणेही तितकेच वाढते. स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणावा, आवाज कमी करावा, खाली सतरंज्या घालाव्यात, मागच्या भिंतीवर जाड सतरंजी किंवा गोणपाट टांगावे, आणि वक्त्याने सावकाश बोलावे. झाडाखालची सावली मिळत असेल तर असा मंडप सोडून द्यावा. उघड्यावर वारा असल्यास माइकला स्पंजाची टोपी घालावी.

वीज, परवानगी व सुरक्षितता

भारनियमनाचा भरवसा नसल्याने बॅटरीचा संच घ्यावा. पेट्यांत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. तिची एकूण साठवण ८४ वॅट-तास झाली; बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरावी. संच सरासरी १५ वॅट खात असेल तर ४२ भागिले १५, म्हणजे पावणेतीन तास बोलणे होते. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते. सभा नसली तरी महिन्यातून एकदा ती भरावी. खांबावर आकडा टाकून सभेसाठी वीज घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या, हाती लोखंडी माइक धरलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. जनित्र वापरल्यास ते भिंतीआड, दूर ठेवावे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गावाकडे अर्ज बहुधा पोलीस ठाण्यात करतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो लावता येत नाही. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असल्यास तेथेही मनाई आहे. आपल्या सभा बहुतेक शाळेच्या पटांगणातच भरतात, तेव्हा ही चौकशी आधी करावी.

घेण्यापूर्वीची परीक्षा

संच दुकानात पारखू नये. विक्रेत्यास सांगून तो एका दिवसासाठी आपल्या चावडीवर किंवा मंडपात आणवावा, आणि सभेच्या नेहमीच्या वेळी, म्हणजे गिरणी व रस्ता चालू असताना, लावावा. शेवटच्या ओळीच्या जागी तीन-चार माणसांस कागद-पेन्सिल देऊन बसवावे. त्यांत एक वयस्क असावा, एक स्त्री असावी, आणि शक्य तर एक पंप घेणारा मजूर असावा. लिहिता न येणाऱ्याने ऐकलेला आकडा शेजाऱ्याच्या कानात सांगावा, त्याने तो लिहावा. वक्त्याने ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरावा आणि वीस आकडे, क्रम न लावता, प्रत्येकी एकदाच म्हणावे : सात, साठ, आठ, वीस, तीस, सतरा, सत्तर, बावीस, बावन्न, याप्रमाणे. वीसपैकी एखादा चुकला तर चालेल. तीन-चार चुकले तर प्रथम 'इको', 'बास' व स्पीकरची जागा तपासून परीक्षा पुन्हा घ्यावी. तरीही चुका राहिल्या तर तो संच, कितीही मोठा वाजत असला तरी, परत करावा. बिनतारी माइकसाठी याच वेळी वक्त्याने शेवटच्या ओळीपर्यंत चालत जावे, वळावे, ग्राहकाकडे पाठ करावी, आणि आवाज कोठे तुटतो ते मंडळींनी पाहावे. ग्राहकाची अँटेना उभी व डोक्याच्या उंचीवर ठेवल्यास यात बराच फरक पडतो.

संच उत्तम निघाला तरी मात्रेचा आकडा केवळ तोंडी सांगून सोडू नये. "साठ, म्हणजे सहावर शून्य" असे फोडून सांगावे, फळ्यावर मोठा लिहावा, आणि मागच्या ओळीतील कोणास तरी तो परत म्हणावयास लावावा.

सभेच्या आदल्या सायंकाळी बॅटरी भरावी, माइकचे सेल नवे घालावेत. सभा झाल्यावर सेल काढून ठेवावेत, कारण आत राहिलेले सेल पावसाळ्यात पाझरतात व माइकच्या पट्ट्या गंजवितात. तार कोपरावर गुंडाळल्याने आतून तुटते. ती सैल वेटोळ्यांत गुंडाळून सुतळीने बांधावी. संच कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या तारखेस कोठे गेला, बॅटरी केव्हा भरली, याची वही पेटीलाच बांधून ठेवावी. वरातीसाठी संच मागावयास लोक येतील. नकार देण्याचे काम त्या वहीवर सही करणाऱ्याचे.